रोजचे शंभर रुपये : कंपनीचा वार्षिक अहवाल आणि तुमची हजेरी



आज पीक सल्ला नाही, कीड-रोग नाही, बाजारभावही नाही. आज कागदाचा विषय आहे. मेसेज लांब आहे, पण निवांत वाचा. दुपारी विसाव्याला बसल्यावर वाचा किंवा रात्री जेवण झाल्यावर.

दरवर्षी पोळा-गणपतीच्या आगेमागे ऑफिसमधून फोन येतो, "वार्षिक सभा आहे, नक्की या." मूग-उडीद काढणीला आलेला असतो, सोयाबीनची घाई तोंडावर असते. मग बरेच जण म्हणतात, "तुम्ही घ्या उरकून, सही पाहिजे असेल तर रजिस्टर घरी पाठवा." हे का चालत नाही आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, ते आज सांगतो.

*१) आपण सोसायटी नाही, कंपनी आहोत*

गावची विकास सोसायटी किंवा दूध संस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते. तिचे कागद उपनिबंधक, सहायक निबंधक यांच्याकडे जातात. आपली शेतकरी उत्पादक कंपनी मात्र कंपनी कायद्याखाली नोंदलेली आहे. आपले कागद केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे, म्हणजे कंपनी निबंधकाकडे, ऑनलाइन जातात.

अशा कंपन्यांची तरतूद वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीनंतर २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. २०२१ पासून ती २०१३ च्या कंपनी कायद्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून आहे. तत्त्व सहकाराचं ठेवलं आहे. दहा शेअर असोत की हजार, एका सभासदाला एकच मत. पण हिशेब, लेखापरीक्षण, वार्षिक अहवाल, मुदती हे सगळं कंपनीसारखं. मोठ्या कारखानदाराला जी वेबसाइट, तीच आपल्याला. आपण शेतकरी आहोत म्हणून तिथे तारीख पुढे सरकत नाही.

*२) वर्षाकाठी काय काय भरावं लागतं?*

आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यानंतर साधारण हा क्रम असतो :

▪️ *एप्रिल ते ऑगस्ट* : हिशेब पूर्ण करणं, सीएकडून लेखापरीक्षण, मग संचालक मंडळाच्या बैठकीत ताळेबंद आणि संचालकांचा अहवाल मंजूर करणं.

▪️ *सभेच्या किमान १४ दिवस आधी* : प्रत्येक सभासदाला लेखी नोटीस. नोटिशीसोबत विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक द्यायचं असतं.

▪️ *३० सप्टेंबरपर्यंत* : वार्षिक सर्वसाधारण सभा. दोन सभांमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही.

▪️ *सभेपासून १५ दिवसांत* : नवा लेखापरीक्षक नेमला असेल तर त्याचा फॉर्म, एडीटी-१.

▪️ *सभेपासून ३० दिवसांत* : ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि अहवाल. हा फॉर्म एओसी-४.

▪️ *सभेपासून ६० दिवसांत* : वार्षिक विवरणपत्र, म्हणजे एमजीटी-७. यात सभासदांची यादी, कोणाचे किती शेअर, संचालक कोण, सभेला किती जण हजर, हे सगळं येतं.

▪️ *आयकर* : कंपनीचं रिटर्न वेगळं. त्याची नेहमीची मुदत ३१ ऑक्टोबर असते.

सभा ३० सप्टेंबरला झाली तर एओसी-४ ची मुदत ३० ऑक्टोबर आणि एमजीटी-७ ची २९ नोव्हेंबर. म्हणजे ऐन सोयाबीन खरेदी, दिवाळी आणि रब्बीच्या पेरणीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या देशातल्या कंपन्या एकदम वेबसाइटवर येतात आणि साइट रांगते. म्हणून सभा जितकी लवकर, तितकं बरं.

*३) उशिराचा हिशेब*

वेळेत भरलं तर सरकारी फी किरकोळ आहे. कंपनीचं अधिकृत भांडवल ५ लाख ते २५ लाखांच्या दरम्यान असेल तर एका फॉर्मला ४०० रुपये. उशीर झाला की *प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये* जादा. हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. चार दिवस उशीर केला की जादा फी मूळ फीएवढी होते.

एओसी-४ आणि एमजीटी-७ दोन्ही राहिले तर रोजचे २०० रुपये. वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल धरला तर जवळपास पावणेचौदा क्विंटल सोयाबीन झालं. कोणाचं तरी एकरा-दोन एकराचं पूर्ण पीक नुसत्या लेट फीत गेलं म्हणा. त्यातून ना खत आलं, ना गोडाऊनला पत्रा आला.

ही झाली फक्त लेट फी. निबंधकाने कारवाई केली तर कंपनीला आणि संचालकांना दंड वेगळा. दंडाच्या बाबतीत कायद्याने उत्पादक कंपन्यांना सवलत दिली आहे, तो इतरांच्या निम्म्यापेक्षा जास्त लावता येत नाही. पण रोजच्या शंभर रुपयांना अशी सवलत नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. "सभाच झाली नाही, मग मुदत कशी सुरू होईल?" असं काही जण विचारतात. सभा झाली नाही तर ती ज्या तारखेपर्यंत व्हायला हवी होती, त्या तारखेपासून दिवस मोजतात. सभा टाळून मुदत टळत नाही.

*४) सलग वर्षं राहिली तर?*

एखादं वर्ष मागे-पुढे झालं तर पैसे भरून निस्तरता येतं. खरा धोका पुढे आहे.

सलग दोन वर्षं कंपनीचं कामकाज दिसलं नाही तर निबंधक नोटीस काढून कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढू शकतो. कागद भरलेच नाहीत तर कामकाज चालू आहे हे निबंधकाला कुठून दिसणार? सलग तीन वर्षं ताळेबंद किंवा विवरणपत्र भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात. त्यांना दुसऱ्या कुठल्याही कंपनीत संचालक होता येत नाही. आपले संचालक म्हणजे आपल्यातलेच शेतकरी. त्यांच्या नावावर असा डाग पडला तर उद्या जबाबदारी घ्यायला पुढे कोण येईल?

ही नुसती भीती नाही. २०१७ मध्ये केंद्राने देशभरातल्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं अशी काढली. त्यांच्या बँक खात्यांवर निर्बंध आले आणि तीन लाखांच्या आसपास संचालक अपात्र ठरले.

नाव निघालं की कंपनी कायद्याने संपली. खातं गोठतं. गोडाऊन, चाळणी यंत्र, ट्रॅक्टर कंपनीच्या नावावर असेल तर ते अडकतं. खताचं लायसन्स, जीएसटी नंबर, खरेदी केंद्र सगळं त्याच नावावर असतं. परत उभं राहायचं तर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात अर्ज, वकील आणि सगळी थकीत विवरणपत्रं लेट फीसकट. तुमचे शेअरचे पैसे त्यात अडकलेले असतात ते वेगळंच.

नाव निघायच्या आधीही नुकसान सुरू होतं. बँक कर्जाला आधी तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद मागते. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीला जास्तीत जास्त १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान आहे, कर्जाला हमीही आहे. अशा कुठल्याही फाईलला पहिला प्रश्न हाच, "मागचं विवरणपत्र भरलंय का?"

*५) आता तुमचा भाग : गणपूर्ती*

सभा घ्यायला एकूण सभासदांच्या *एक चतुर्थांश* हजेरी लागते. कंपनीच्या नियमावलीत जास्त लिहिलं असेल तर तेवढी. खाजगी कंपनीला दोन माणसं बसली तरी चालतं, आपल्याला नाही.

समजा कंपनीचे ४१२ सभासद आहेत. मग १०३ जण प्रत्यक्ष सभेत पाहिजेत. शंभर जण आले तरी गणपूर्ती नाही. सभा पुढे गेली, ताळेबंद मंजूर झाला नाही, कागद अडकले आणि रोजचा मीटर सुरू झाला. तीन माणसं कमी पडली म्हणून.

इथे तीन गोष्टी स्पष्ट सांगतो :

▪️ मोजला जातो तो *रजिस्टरवर नाव असलेला सभासद*. शेअर बाईच्या नावावर आणि सभेला घरधनी आला, किंवा बापाच्या नावावर आणि पोरगा आला, तर चहा मिळेल पण हजेरी धरता येणार नाही. ताई-माईंनो, शेअर तुमच्या नावावर असेल तर सभेला तुम्हीच या. तुमचं मत तुमचंच आहे.

▪️ *रजिस्टर घरी पाठवून घेतलेली सही म्हणजे हजेरी नव्हे.* आज ते सोपं वाटतं. उद्या संचालकांच्या निवडीवरून किंवा कर्जाच्या ठरावावरून वाद झाला, की पहिला हात त्या हजेरीलाच घातला जातो. सही केलेला माणूस त्या दिवशी परगावी होता असं निघालं तर ठराव अडचणीत आणि खोटा कागद केला म्हणून सही घेणाराही अडचणीत.

▪️ सभेत फक्त ताळेबंद मंजूर होत नाही. संचालकांची निवड, शेअरवर किती परतावा द्यायचा, तुम्ही कंपनीला घातलेल्या मालाच्या प्रमाणात बोनस द्यायचा का, राखीव निधीत किती टाकायचं, हे सगळं तिथेच ठरतं. सभेला न येणाऱ्याचं मत धरता येत नाही.

*६) रजिस्टर स्वच्छ ठेवा*

वारलेल्या सभासदाचं नाव वर्षानुवर्षं रजिस्टरवर तसंच राहतं. घरच्यांना लक्षात नसतं, ऑफिसला कळवलेलं नसतं. पण गणपूर्ती मोजताना ते नाव एकूण संख्येत येतं आणि सभेला तर कोणी येऊ शकत नाही.

वरच्याच उदाहरणात ४१२ पैकी ३६ जण हयात नसतील तर खरे सभासद ३७६. त्यांच्या हिशेबाने ९४ जण पुरले असते. पण नावं तशीच राहिली म्हणून १०३ लागतात. नऊ माणसांचा फरक. कितीतरी सभा तेवढ्यावरच अडतात.

म्हणून :

▪️ सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत *वारसाचं नामांकन* करायचं, असं कायदा सांगतो. केलं नसेल तर आता करा. फॉर्म ऑफिसला मिळेल.

▪️ घरातला सभासद वारला असेल तर मृत्यू दाखला आणि शेअर प्रमाणपत्र घेऊन ऑफिसला या. नामांकन असलेल्या माणसाच्या नावावर शेअर चढवता येतात. तो स्वतः शेती करत नसेल तर शेअर परत घेऊन त्याचे पैसे देण्याचीही तरतूद आहे. दोन्हीत घरच्यांचा हक्क बुडत नाही. कळवलं नाही तर मात्र दोन्ही लटकतं.

▪️ मोबाईल नंबर बदलला, पत्ता बदलला, नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि रजिस्टरवर एक आहे, तर दुरुस्त करून घ्या. हीच यादी विवरणपत्रासोबत सरकारकडे जाते.

*७) ताळेबंद हातात आला की काय बघायचं?*

ताळेबंद म्हणजे कंपनीचा सातबारा समजा. मालकी काय, बोजा काय, दोन्ही त्यात दिसतं. सगळे आकडे कळायलाच हवेत असं नाही. एवढं बघा :

१. *भागभांडवल* : सभासदांनी भरलेले पैसे. मागच्या वर्षीपेक्षा वाढले का?

२. *येणी* : कंपनीने माल दिला, पैसे यायचे आहेत. व्यापारी कोण आणि किती महिन्यांपासून थकलंय?

३. *देणी आणि कर्ज* : बँकेचं किती, सभासदांच्या मालाचं किती, खत-बियाणं कंपनीचं किती?

४. *मालाचा साठा* : ३१ मार्चला गोडाऊनमध्ये किती माल दाखवलाय? तो खरंच तिथे होता का?

५. *नफा किंवा तोटा* : तोटा असेल तर कशामुळे? भाव पडला, माल खराब झाला, की खर्च वाढला?

६. *लेखापरीक्षकाचा शेरा* : सीएने कुठे "परंतु" लिहिलंय का? तो परिच्छेद सभेत मोठ्याने वाचायला सांगा.

७. *लेट फी आणि दंड* : खर्चाच्या यादीत आहे का? असेल तर किती आणि कशापायी?

हे विचारलं म्हणून कोणी रागावायचं कारण नाही. विचारणं तुमचा हक्क आहे आणि उत्तर देणं संचालक मंडळाचं काम आहे. ताळेबंद १४ दिवस आधी नोटिशीसोबत देतात तो यासाठीच. सभेत पहिल्यांदा बघू नका, घरी वाचून या.

*८) मोबाईलवर स्वतः तपासा*

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कुठल्याही कंपनीची मूळ माहिती मोफत दिसते. लॉगिन मागितलं तर खातंही मोफत उघडता येतं. कंपनीचं नाव किंवा २१ अक्षर-आकड्यांचा सीआयएन टाका. सीआयएन आपल्या पावतीवर आणि लेटरहेडवर असतो. त्यात राज्याची खूण आणि स्थापनेचं वर्षही दिसतं.

तिथे तीन गोष्टी बघा :
✅ कंपनीची स्थिती "अॅक्टिव्ह" आहे का?
✅ शेवटच्या वार्षिक सभेची तारीख काय?
✅ शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेपर्यंतचा?

शेवटच्या दोन तारखा एका वर्षापेक्षा जास्त मागे असतील तर ऑफिसला विचारा. फॉर्म भरल्यावर एसआरएन नावाचा नंबर आणि चलन मिळतं. "भरलंय" एवढ्यावर थांबू नका, चलन बघायला मागा. घरातलं कॉलेजला जाणारं पोर हे पाच मिनिटांत काढून देईल.

*९) नेहमी ऐकू येणाऱ्या गोष्टी*

🔸 _"यंदा धंदाच झाला नाही, मग भरायचं काय?"_
उलाढाल शून्य असली तरी ताळेबंद आणि विवरणपत्र भरावंच लागतं. शून्य लिहून भरायचं, पण भरायचं.

🔸 _"शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, मग आयकर रिटर्न कशाला?"_
तुमच्या शेतीचं उत्पन्न वेगळं आणि कंपनीचं वेगळं. कंपनीला नफा असो वा तोटा, रिटर्न भरावंच लागतं. तोटा असेल तर उलट वेळेत भरण्यात फायदा आहे. वेळेत भरलं तरच धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो.

🔸 _"जीएसटी दर महिन्याला भरतोय की."_
ते वेगळं खातं. जीएसटी भरला म्हणून एओसी-४ भरल्यासारखं होत नाही.

🔸 _"सरकार कधीतरी माफी योजना आणतंच."_
आणते कधीकधी. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात एप्रिल ते डिसेंबर अशी योजना आली होती, तेव्हा लेट फी न घेता जुने फॉर्म भरून घेतले. पण पुढची कधी येईल, येईल की नाही, हे कोणाच्या हातात नाही. पाऊस पडेल म्हणून विहिरीवरची मोटार विकत नाही ना आपण?

🔸 _"हे सगळं सीएचं काम आहे."_
फॉर्म भरणं सीएचं आणि ऑफिसचं काम आहे. पण बिलं, पावत्या, मालाच्या नोंदी वेळेत देणं संचालकांचं आणि कर्मचाऱ्यांचं काम. आणि सभेला येऊन गणपूर्ती करणं तुमचं. तिन्हीतलं एक अडलं की फॉर्म अडतो.

*१०) या आठवड्यात करायची कामं*

☑️ नामांकन झालंय का, ऑफिसला फोन करून विचारा.
☑️ घरातला सभासद हयात नसेल तर कागद घेऊन या.
☑️ कंपनीला माल दिल्याच्या किंवा खत घेतल्याच्या पावतीत काही फरक असेल तर सभेच्या आधी सांगा. नंतर ताळेबंद बदलत नाही.
☑️ सभेची नोटीस आली की तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी काढणीचा मजूर ठरवू नका.
☑️ शेजारच्या दोन सभासदांना सोबत घेऊन या. एका मोटारसायकलवर दोघं आले तरी गणपूर्तीचं काम सोपं होतं.

सभेची तारीख, वेळ आणि जागा याच नंबरवरून वेगळ्या मेसेजमध्ये येईल, लेखी नोटीसही घरी मिळेल. शंका असेल तर ऑफिसच्या वेळेत फोन करा किंवा इथेच आवाज संदेश पाठवा.

हा मेसेज ज्या सभासदांकडे साधा फोन आहे, त्यांना वाचून दाखवा. पारावर बसल्यावर वाचला तरी चालेल. वर्षातला एक अर्धा दिवस सभेला दिलात तर आपली कंपनी रोजच्या शंभर रुपयांच्या मीटरपासून वाचते.

पुढचा मेसेज सोयाबीन काढणी आणि साठवणुकीतल्या ओलाव्याबद्दल असेल. 🌱